किरण हातभर मागे

मिलिंद,

तुझ्या शोकसभेतून आज मी मधूनच उठून आले. तू म्हणशील, ही बाई कधी कुठे शेवटपर्यंत टिकली आहे? पण आज खरंच इलाज नव्हता. आणखी थोडा वेळ बसले असते तर तिथेच ओकले असते.

तुझ्या फोटोला घातलेला हार शिळा होता. मखमलाबादला झेंडूच्या वाफ्यांत वाढलेय मी, मला तो वास लांबून कळतो. आदल्या दिवशी बाजारात न खपलेला माल, वर पाणी मारून टवटवीत केलेला, देठाशी बुळबुळीत झालेला. आपल्या कारखान्याच्या शेठनी तो हार पुढे होऊन दोन्ही हातांनी सारखा केला. मग खिशातून रुमाल काढून बोटं पुसली, आणि त्याच रुमालाने डोळे पुसले. आधी बोटं, मग डोळे. मी समोरच बसले होते.

मग भाषण. "मिलिंद म्हणजे वेगाचा उपासक. त्याच्या नसानसांत वेग होता. म्हणून प्रेसवर हात वाचवणारी आपली जी नवी पेटी येते आहे, तिला आपण त्याचंच नाव देतोय." यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या, मिलिंद! कॅन्टीनच्या त्या हॉलमध्ये मागच्या टेबलावर समोसे मांडणं चाललं होतं आणि तळणीचा वास थेट तुझ्या फोटोपर्यंत येत होता. सातपूरच्या त्या कारखान्यात आपण दोघांनी किती वर्षं घासली, पण त्या हॉलची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोटोच्या मागे भिंतीवर त्यांनी आपला तक्ता लावला होता. तोच, मी स्केचपेनने काढलेला. हिरव्या पट्ट्या माझ्या झेड-एटी प्रोसेसरच्या, लाल पट्ट्या तुझ्या एटी-एटीफाइव्हच्या. कडा पिवळ्या पडलेल्या, खाली कुणाच्या तरी चहाचा डाग. श्रद्धांजली म्हणून लावला म्हणे. ज्या कागदाने तुझं नाव खराब केलं तोच कागद.

माझ्या खुर्चीखाली तुझी खाकी पिशवी होती. तुझ्या जलदान विधीच्या दिवशी तुझ्या आईंनी ती माझ्याकडे दिली होती. "कंपनीची वस्तू असंल तर देऊन टाक बाई, आपल्या घरात कुणाचं राहायला नको," म्हणाल्या. आत हाताने फिरवायचं ड्रिल, जाडे बिट्स, नट पिळायचे दोन पाने, आणि तळाशी लोखंडाचा चुरा. तू प्रोग्राम लिहिणारा माणूस. भिंतीत खिळा ठोकायचा तरी शेजाऱ्याला हाक मारायचास. मला काही उमगलं नाही. सभेआधी स्टोअरवाल्याला दाखवली, तर तो म्हणाला, ही आमची नाही. म्हणून ती तशीच पायाशी घेऊन बसले होते.

आपली शर्यत आठवते? शेठनी दोन बोर्ड आणून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, कोणता वेगवान ते सांगा. मी झेड-एटीची, तू एटी-एटीफाइव्हचा. पॉलिटेक्निकमध्ये त्याच्यावर शिकलास म्हणून तुझं त्याच्यावर पहिल्या बायकोसारखं प्रेम. तू मला झेडबाई म्हणायचास आणि मी तुला पंच्याऐंशी. हरेल त्याने चिवडा आणायचा, वर बारीक कांदा चिरून द्यायचा. माझा सेकंदाला चाळीस लाख ठोके टाकणारा, तुझा तीस लाख. शिवाय आकड्यांचा ढीग इकडून तिकडे न्यायला माझ्याकडे एकच हुकूम होता. तुला एकेक आकडा उचल, ठेव, पुढे सरक, असं करत बसावं लागे. मी जिंकले. तू चिवडा आणलास, कांदा चिरलास, आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणालास, "हे कांद्याचं आहे, झेडबाई, उगाच हुरळू नकोस."

पण तू तेवढ्यावर थांबणारा नव्हतासच. दुसऱ्या दिवशी माझ्या बोर्डावरची मेमरी काढून तुझ्यासारखी हळू मेमरी लावलीस. मेमरी हळू असली की प्रोसेसरला तिच्यासाठी ठोका-दोन ठोके खोळंबावं लागतं. माझा चाळीस लाखवाला मुकाट्याने खोळंबू लागला आणि हिरव्या पट्ट्या आखडल्या. मी चिडले. तू म्हणालास, "अगं, घोड्याची शर्यत लावायची तर रस्ता तरी दोघांना सारखा दे." त्यावरून आपण आठवडाभर भांडलो. कॅन्टीनचा पोऱ्या आपल्या टेबलाशी यायला घाबरायचा.

नंतर कळलं, शेठना हे कशासाठी हवंय. पॉवर प्रेसवर पत्रा दाबताना कामगारांची बोटं जातात, त्यासाठी एक पेटी करायची होती. प्रेसच्या तोंडाशी उजेडाचा एक किरण आडवा सोडायचा. हात आत गेला, किरण तुटला, की पेटीतल्या प्रोसेसरने प्रेस थांबवायची. तू त्या दिवशी आकड्यांचे ढीग हलवायची शर्यत बाजूला सारलीस आणि एकच गोष्ट मोजलीस. किरण तुटल्यावर हातातलं काम टाकून कोण किती लवकर धावतो? उत्तर आलं, दोघेही सारखेच. सेकंदाचे लाख तुकडे केले तर त्यातला एखाददुसरा, माझ्यालाही आणि तुझ्यालाही.

"बरोबरी," तू म्हणालास. "आता या दोघांना सोड. प्रेसचा ब्रेक मोजू."

तुझा तो हळू बोर्डच घड्याळ म्हणून घेऊन आपण अंबडच्या एका प्रेस शॉपमध्ये गेलो. होऊ घातलेल्या पेटीचं पहिलं गिऱ्हाईक. तिथली प्रेस जुनी, ब्रेक झिजलेला. बोर्डाने थांब म्हटल्यावरही वरचा लोखंडी ठोकळा पाव सेकंद खाली येतच राहिला. तू माझ्यासमोर एक टाळी वाजवलीस. "एवढ्या वेळात हात आत जातो, सुनंदा. आणि आपण दोघं महिनाभर लाखाव्या तुकड्यासाठी भांडत होतो." असं म्हणून हसलास, पण तुझा चेहरा पडला होता. इतकी शिकलेली दोन माणसं, आणि मोजायचं ते सोडून भलतंच मोजत बसली, याची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

पेटी तुझ्या एटी-एटीफाइव्हवर झाली. बाहेरच्या हाका, म्हणजे किरण तुटल्यासारखे इशारे, ऐकायची सोय त्याच्या अंगातच होती, जोडीला चिप्स कमी लागत. खांडेनवमीला त्या प्रेस शॉपमध्ये पूजा होती. प्रेसला झेंडूचा हार, नारळ, ऊस, आणि आपल्या नव्या पेटीलाही हळदकुंकू. कुणीतरी भक्तिभावाने कुंकवाचं बोट थेट किरणाच्या काचेवर टेकवलं. दसरा उलटल्यावर प्रेस काही चालू होईना. पेटीला वाटत होतं की हात आत आहे. आपल्याला बोलावणं आलं. तू खिशातला रुमाल काढून काच पुसलीस आणि प्रेस सुरू झाली. सगळे हसले. रामदास ऑपरेटर म्हणाला, "साहेब, पेटी लय इमानदार हाय. कुंकवाला बी थांबती."

तिथेच घात झाला. पेटी कुंकवालाही थांबते म्हटल्यावर त्या पोरांचा तिच्यावर देवावर बसावा तसा विश्वास बसला. प्रेस थांबवायला पायाखालचं पॅडल सोडायचं, त्याऐवजी ती हात आत घालून थांबवू लागली. हात घातला, प्रेस थांबली, तुकडा काढला, हात बाहेर. काम झपाझप व्हायचं. मालक खूश, शेठ खूश. तू ते पाहिलंस आणि पांढराफटक पडलास.

तुझं मागणं काय होतं? सेकंदाला कोटी ठोक्यांचा प्रोसेसर नव्हता मागितलास तू. "किरण हातभर मागे घ्या," एवढंच. हात लांबूनच किरण तोडेल, तो आत पोचेपर्यंत ब्रेकला वेळ मिळेल. दोन भोकं पाडायची आणि किरणाची पट्टी मागे, कामगाराच्या बाजूला बसवायची. शेठ म्हणाले, "मागे घेतला तर ऑपरेटर जरा हलला तरी प्रेस थांबेल. माल कमी निघेल. गिऱ्हाईक पेटी परत पाठवेल." तू पुन्हा गेलास. मी तुझ्याबरोबर गेले. शेठ मला म्हणाले, "तुम्ही चिपचं बघा, यांत्रिक गोष्टीत पडू नका."

मग रामदासचा हात गेला. उजव्या हाताची तीन बोटं.

गिऱ्हाइकाकडची माणसं आली, शेठच्या केबिनमध्ये बसली. शेठनी ड्रॉवरमधून आपला तक्ता काढला, मी स्केचपेनने रंगवलेला, चिवड्याच्या पैजेचा. हिरव्या पट्टीवर बोट ठेवलं, लाल पट्टीवर बोट ठेवलं. "आमच्या इंजिनिअरने हळू चिप घातली. चाळीस लाखवाली घातली असती तर हात वाचला असता." तू तिथेच उभा होतास. मी ओरडले. म्हटलं, शेठ, हा तक्ता आकडे हलवायचा आहे, हात वाचवायचा नाही. हात वाचवण्यात दोघं सारखे आहेत, प्रेसचा ब्रेक मोजा. शेठ शांतपणे म्हणाले, "पण जिंकलात तर तुम्हीच ना?" त्या माणसाच्या दातांत सुपारी होती. ती चघळण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

महिन्याभरात झेड-एटीची पेटी बाजारात. 'आता अधिक वेगवान.' ब्रेक तोच, किरण तिथेच. आणि सगळ्या औद्योगिक वसाहतीत तुझं नाव झालं, मिलिंद म्हणजे तो, ज्याच्या प्रोग्रामने हात घालवला. कुणी कुणी तर त्यावर तुझी जातही काढली. "असेच भरती होतात, मग असंच होणार." चहाच्या टपरीवर हे ऐकून मी ग्लास आपटून निघून आले. तू मात्र तुझा चहा संपवलास.

मी राजीनामा दिला. तू दिला नाहीस. यावरून आपलं जे भांडण झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. गोल्फ क्लबच्या मैदानाजवळ उभं राहून मी तुला काय काय बोलले. लाचार म्हटलं. तोंडावर थुंकलेलं पुसून परत त्याच दारात उभा राहतोस म्हटलं. मला शेठची किळस होतीच, त्या दिवशी तुझीही आली, खोटं कशाला सांगू. तू म्हणालास, "मला तिथे काम आहे." मी विचारलं, कसलं काम? तर म्हणालास, "सर्व्हिसिंगचं." प्रोग्राम लिहिणारा माणूस पेट्या पुसायला गिऱ्हाइकांच्या दारोदार जाणार. मी पाठ फिरवून निघून गेले.

नंतर भेटत राहिलो, पण तो विषय टाळून. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागले. पोरांना तुझा एटी-एटीफाइव्हच शिकवते, ते ऐकून तू किती हसलास! शेवटी तुला कावीळ झाली तेव्हा मी दवाखान्यात आले होते. डोळे हळदीसारखे झाले होते तुझे, तरी थट्टा चालूच. "बघ, झेडबाई, आता माझीच खांडेनवमी." मग मध्येच विचारलंस, "शनिवारी काय करतेस गं हल्ली?" मी म्हटलं, पेपर तपासते. तू मग म्हणालास, "बरं, बरं. तपास." आणि उशीवर मान टेकलीस. मला वाटलं, दमलास.

तर आज सभेत, टाळ्या थांबल्यावर, मी उभी राहिले. म्हटलं, "शेठ, नाव देताय ना मिलिंदचं? मग त्याने मागितलं ते पण द्या. नव्या पेटीचा किरण हातभर मागे घ्या. आणि सगळ्यांसमोर सांगा की रामदासचा हात मिलिंदच्या चिपने गेला नाही."

शेठनी आधी रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, आज दुःखाचा दिवस आहे. नाव हा भावनेचा विषय आहे. ते दुसरं प्रॉडक्शनचं. दोन्ही मिसळू नका." मग मागच्या टेबलाकडे बघून म्हणाले, "घ्या, समोसे गार होतायत."

मी पुढे गेले, भिंतीवरचा तक्ता ओढून काढला, घडी केली, पिशवी उचलली आणि बाहेर आले.

गेटपाशी मागून हाक आली. "ओ ताई! ताई, थांबा." रामदास होता. कळवणकडचा गडी, आता थोडा जाड झालाय. हात गेल्यावर त्याला त्याच शॉपमध्ये वॉचमन केलंय. मला वाटलं, तक्त्याबद्दल काही बोलेल. पण तो पिशवीकडे बघत होता.

"ही साहेबांची पिशवी ना? तुमच्याकडं आली व्हय. बरं झालं."

"तुला माहीत आहे ही कसली आहे?"

"मला नाय माहीत, तर कुणाला? शनिवारी कारखाने बंद ऱ्हातेत ना, तवा साहेब यायचे. माझ्या शॉपला मीच गेट उघडलं. पट्टी सोडायची, हातभर मागं धरायची, भोकं पाडायची. पार घामाघूम व्हायचे. ड्रिल काय त्यांच्या हाताला बसत नव्हतं. मी या डाव्या हातानं पट्टी धरायचो." तो हसला. "मग दुसरीकडं, मग तिसरीकडं. सर्व्हिसिंगला आलो म्हनायचे. कंपनीचं कार्ड दावलं का कुनी आडवत नाय, पट्टी मागं का म्हनून इचारत बी नाय. जिथं जिथं पेटी बसवली तिथं जायचे. मीबी संगं जायचो, सायकलवर."

मिलिंद, कंपनीचं कार्ड. म्हणून राहिलास तू तिथे. राजीनामा दिला असतास तर एकाही गेटच्या आत जाता आलं नसतं तुला.

"मला का नाही सांगितलं त्याने?" मी विचारलं.

रामदासने मान खाली घातली. "मी म्हनलो व्हतो, ताईंना सांगा. तर म्हनले, सुनंदाला सांगू नको, ती उद्याच शेठच्या तोंडावर सांगून मोकळी व्हईल."

मी हसले. तुझ्या शोकसभेच्या दिवशी, सातपूरच्या रस्त्यावर, मोठ्याने हसले, आणि मग ते हसणं कुठे गेलं आणि रडणं कुठून आलं ते मला कळलं नाही. बरोबर ओळखत होतास मला. मी खरंच सांगितलं असतं. आजही सांगूनच आले.

मी रामदासबरोबर अंबडला गेले. त्याची दुसरी पाळी होती, प्रेस चालू होती. पट्टी मागे होती. पुढे, जुन्या जागी, दोन रिकामी भोकं, त्यांत तेल आणि धूळ साचून काळी झालेली. मागची दोन भोकं वाकडी, एक तर दोनदा पाडलेलं. तुझंच काम ते, विचारायची गरज नव्हती. प्रेसवर एक कोवळा मुलगा बसला होता. त्याचा हात पुढे सरकला, किरण लांबूनच तुटला, ठोकळा पाव सेकंद खाली येत राहिला आणि थांबला. मुलाची बोटं अजून बाहेरच होती. त्याने वरही पाहिलं नाही. तुकडा काढला आणि पुढचा पत्रा सरकवला. मी किती तरी वेळ तिथे उभी राहून ते पाहत होते.

आपली शर्यत कोण जिंकलं, हा वाद आपण अर्धाच सोडला होता, पंच्याऐंशी. तक्ता मी घरी आणलाय. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला आता चिवडा ठेवून खाणार आहे, कांदा मीच चिरणार आहे, आणि जे पाणी येईल ते कांद्याचं आहे असं सगळ्यांना सांगणार आहे. बरोबरी, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. हे तू असताना म्हटलं असतं तर तू महिनाभर मला जगू दिलं नसतंस.

आणि शनिवारी मी पेपर तपासणार नाही आता. रामदास म्हणाला, निफाड रोडच्या बाजूला अजून काही शॉप राहिलेत, शेठच्या नव्या पेट्याही सुटतायत आणि त्यांचा किरण आहे तिथेच आहे. कार्ड माझ्याकडे नाही. पण पॉलिटेक्निकच्या मॅडम पोरांना प्रेस दाखवायला आल्यात, म्हटलं तर कुठलंही गेट उघडतं, मी आजच रामदासला विचारून पाहिलंय. ड्रिल घरी फिरवून पाहिलं, माझ्या हाताला तुझ्यापेक्षा बरं बसतं.

शेठना नव्या पेटीवर तुझं नाव टाकायचं तर खुशाल टाकू दे. नाव त्यांनी लावलंय तिथेच राहील. किरण आम्ही मागे घेऊ.

तुझी,
झेडबाई